जुनी थाळी, नवी सुई

वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत ६७ ध्वनिमुद्रिका आहेत. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या २२, लहान ईपी ३१ आणि मोठ्या एलपी १४. ही मोजदाद मी गेल्या वर्षी पावसाळ्यात केली आणि ती संपल्यावर लक्षात आले की यातली एकही वाजवायला घरात यंत्र नाही. नसण्याचे कारण मीच. १९९१मध्ये घरी टेपरेकॉर्डर आला, तेव्हा वडिलांचा पेटीतला रेकॉर्ड प्लेअर मी दीडशे रुपयांना भंगारात काढला. वडील काही बोलले नाहीत. तबकड्या मात्र त्यांनी दिल्या नाहीत. ट्रंकेत उभ्या रचून, वर जुने धोतर पसरून ठेवून दिल्या.

आई आता ८१ वर्षांची आहे. डोळ्यांनी वाचन होत नाही, त्यामुळे दिवस कानांवर निघतो. मोबाइलवर गाणी लावून दिली की ऐकते, पण चार गाणी झाली की विचारते, "ट्रंकेतल्या कधी लावशीन रे?" आठ हजार रुपयांपलीकडे जाणे मला शक्य नव्हते. एवढ्या पैशांत वापरलेले, चालू आणि तबकड्यांना इजा न करणारे यंत्र मिळते का, हा माझा प्रश्न होता.

मी अभियंता नाही. वर्ध्यात कारकुनी करता करता जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या नोंदी ठेवण्याचा छंद वीस वर्षे जपला. लेबलावरचे क्रमांक, गायक, वादक, सनावळ्या हे मला कळते. यंत्र कळत नव्हते. ते या एका वर्षात शिकलो. जुनी सर्व्हिस मॅन्युअल वाचून, दुरुस्तीवाल्यांच्या बाकांवर बसून आणि एक तबकडी कायमची खराब करून. ज्यांच्या घरी अशी ट्रंक असेल त्यांच्यापुरते तरी हे लिहून ठेवावेसे वाटले.

यंत्र शोधायला निघण्याआधी ट्रंक नीट वाचावी लागते, हा पहिला धडा. मी तो उशिरा शिकलो.

भारतात ध्वनिमुद्रण आले १९०२मध्ये. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात उतरला आणि गौहर जानचा आवाज मेणावर उमटला. त्यानंतर पन्नासेक वर्षे आपल्याकडे लाखेच्या तबकडीचेच राज्य होते. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर दीनानाथ घराघरांत पोचले ते तिच्यावरून. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे. लाख आपलीच. पळसाच्या, कुसुमाच्या फांद्यांवर किड्यांनी केलेला राळेचा थर. पूर्व विदर्भात ती आजही काढतात. दुसऱ्या महायुद्धात ही लाख पुरेशी मिळेनाशी झाली, तेव्हा अमेरिकेतल्या कंपन्यांनी नव्या रेकॉर्डसाठी लोकांकडून जुन्या रेकॉर्ड परत मागितल्या होत्या. आता वर्ध्याच्या माणसाला गांधींना वगळून लेख पुरा करता येत नाही, म्हणून सांगतो: २० ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनमध्ये कोलंबिया कंपनीने गांधीजींचे ईश्वरविषयक निवेदन मुद्रित केले, तेही ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरच. पुढे पाच वर्षांनी ते आमच्या सेगावात राहायला आले. माझ्या बाविसांत ती तबकडी नाही, याची रुखरुख आहे.

१९४८मध्ये अमेरिकेत एलपी आली आणि पुढच्या वर्षी ४५ फेऱ्यांची लहान तबकडी. या दोन्ही विनाइलच्या. खाच बारीक झाली, बाजूला वीस-बावीस मिनिटे मावू लागली. एलपीच्या एका बाजूची खाच सरळ केली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. आपल्याकडे हे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस रुजले.

यंत्र घेणाऱ्यासाठी या इतिहासात कामाची गोष्ट एकच: लाखेची खाच रुंद आणि विनाइलची अरुंद. लाखेच्या तबकडीला लागणाऱ्या सुईचे टोक साधारण ७५ मायक्रॉनचे, म्हणजे केसाएवढे. एलपी-ईपीला लागणारे १८ ते २५ मायक्रॉनचे. मोठी सुई बारीक खाचेत शिरत नाही, खाचेच्या कडा सोलत जाते. बारीक सुई रुंद खाचेत शिरते, पण तळाशी आपटत राहते आणि खरखर सोडून काही ऐकू येत नाही. ज्याच्याकडे दोन्ही जातीच्या तबकड्या आहेत त्याला दोन सुया हव्यातच.

लेबलेही वाचावीत. एचएमव्हीच्या भारतीय एलपींवर ईसीएलपी किंवा ईएएलपी अक्षरांचा क्रमांक असेल तर ती मोनो, ईसीएसडी किंवा ईएएसडी असेल तर स्टिरिओ. हा केवळ संग्राहकाचा चाळा नाही. मोनोच्या काळातली जुनी कार्ट्रिज सुईला आडवी हलू देते, खाली-वर हलू देत नाही. स्टिरिओच्या खाचेत दोन्ही हालचाली असतात. ताठ सुई तिथे नांगरासारखी चालते.

हे सगळे आज लिहितो आहे. गेल्या वर्षी यातले काही माहीत नसताना मी हिंगणघाट गाठले.

तिथे एका घरी कापडी अस्तराची पेटी होती. झाकणात स्पीकर, चार गतींचा खटका. साठ-सत्तरच्या दशकांत एचएमव्ही, फिलिप्सच्या अशा पेट्या मध्यमवर्गीय घरांत असायच्या. वडिलांची तशीच होती, म्हणून माझे डोळे भरून आले आणि अशा वेळी व्यवहार करू नये हे विसरलो. मालकाने तबकडी लावून दाखवली. "वाजते ना जी, अजून काय पाह्यजे?" मी अठराशे रुपये मोजले.

घरी येऊन वसंतराव देशपांड्यांच्या नाट्यपदांची ईपी लावली. वसंतराव मूर्तिजापूरचे, आमच्या वऱ्हाडचे. वडिलांचा सगळ्यात जीव त्या तबकडीवर. आवाज घोगरा आला. वाटले, जुनी आहे, गाळ असेल. एक गाणे पूर्ण वाजू दिले. संपल्यावर सुईभोवती पिठासारखी पांढरट पूड दिसली. बोटाने पुसली, तेव्हाही कळले नाही. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्या काकांना पेटी दाखवली. त्यांनी सुईखालची एवढीशी दांडी अंगठ्याने उलटवली. एका अंगाला ७८ लिहिलेले, दुसऱ्या अंगाला एलपी. मी लाखेची सुई विनाइलवर चालवली होती. "पूड कायची होती सांगू का?" ते म्हणाले, "गाण्याची."

पुढे सराफाकडचा तोळकाटा आणून त्या सुईचा भार मोजला. सात ग्रॅम. विनाइलला दीड ते अडीच ग्रॅम पुरतात. जुन्या मापात सांगायचे तर दोन मासे. मी सात मासे टाकले होते आणि तेही चुकीच्या टोकाने.

त्या पेट्यांच्या आतल्या कार्ट्रिजविषयी थोडे सांगतो, कारण आमच्या हवामानाचा त्यात संबंध आहे. जुन्या स्वस्त यंत्रांत क्रिस्टल कार्ट्रिज असे. तिच्यात रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक बसवलेला असतो; तो वाकला की वीज निर्माण होते. ही वीज भरपूर असल्याने साध्या अँप्लिफायरवर काम भागते, म्हणून यंत्र स्वस्त. पण हा स्फटिक दमटपणात पाझरतो आणि ५५ अंशांच्या आसपास त्याचा कायमचा नाश होतो. वर्ध्यात मे महिन्यात सावलीतला पारा ४६च्या वर जातो. टिनाच्या छताखालच्या माळ्यावर काय होत असेल ते सांगायला नको. आमच्या भागात माळ्यावरून उतरवलेल्या पेटीतली क्रिस्टल कार्ट्रिज मेलेलीच धरून चालावे. आवाज आलाच तर तो बारीक आणि नाकातला येतो.

नव्या रंगीत सुटकेस प्लेअरचाही विचार केला. पाच-सहा हजारांत मिळतात, दिसतात छान. त्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते, भार पाचेक ग्रॅम आणि तो कमी करायची सोयच नसते. एका फेरीत तबकडी मरत नाही, पण ज्या तबकडीला दुसरी प्रत नाही ती मी त्यावर ठेवणार नाही. पितळी कर्ण्याच्या चकचकीत ग्रामोफोनचे तर नावच नको. त्यातले बरेचसे सुट्या भागांतून जुळवलेले शोभेचे असतात आणि खरा असला तरी त्याची पोलादी सुई फक्त लाखेसाठी, दर बाजूला नवी.

म्हणजे विनाइलसाठी मला हवी होती चुंबकी कार्ट्रिज लागणारी, भार कमी-जास्त करता येणारी, वापरलेली थाळी. भुजेच्या मागच्या टोकाला फिरवता येणारे वजन दिसले की ओळखावे, हे त्या जातीचे. वजन नसेल तर पुढे बघू नये. पूर्वी सुई उडू नये म्हणून तिच्या डोक्यावर नाणे ठेवायची रीत होती. माझ्या वडिलांनीही ठेवले असेल. सुई उडत असेल तर ती झिजली आहे किंवा भुजा अडकते आहे. नाण्याने फक्त तक्रार दाबली जाते.

थाळी फिरवण्याच्या तऱ्हा तीन. जुन्या यंत्रांत रबरी चाक थाळीच्या कडेला आतून घासून फिरवते. यंत्र वर्षानुवर्षे एकाच जागी उभे राहिले की चाकाला खड्डा पडतो आणि दर फेरीला धप् धप् ऐकू येते. दुसरी पट्ट्याची. पट्टा सैल होतो किंवा डांबरासारखा वितळून चिकटतो. हा दोष दिसायला भयंकर आणि दुरुस्तीला सगळ्यात स्वस्त, त्यामुळे घासाघीस करायला उत्तम. तिसरी, मोटर थेट थाळीखाली. टेक्निक्सने ही सत्तरच्या दशकात रूढ केली. चांगली, पण आठ हजारांत येईल ती बहुधा आतली इलेक्ट्रॉनिक पाटी बिघडलेली, आणि ती दुरुस्त करणारा हात जवळपास नाही. माझ्यासारख्याने पट्ट्याची शोधावी या मतावर मी आलो.

तशीच एक नागपूरला मिळाली. जपानी, स्वच्छ, भुजा वाऱ्यासारखी हलणारी. घरातल्या कुणी सौदीहून आणलेली होती. भल्या माणसांनी दोन दिवसांच्या बोलीवर घरी नेऊ दिली. सोबत व्होल्टेज उतरवायचा ट्रान्सफॉर्मरही दिला.

आईच्या आवडीच्या भावगीताची ईपी लावली. सुई आता योग्य होती. मला आवाज गोड, भरदार वाटला. आईने दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, "बाई इतक्या खाली गात नोहत्या."

मी म्हटले, तीस वर्षांनी ऐकते आहेस.

"पेटी काढ."

पेटी काढली. तिने चाचपडत सूर धरला. या गाण्याच्या जोडीने ती लग्नानंतरची कितीतरी वर्षे गात आली होती आणि काळी चारमध्येच गात होती. तबकडी वाजत होती पांढरी चारला. पूर्ण तीन स्वर खाली.

पुढचे मी शोधून काढले. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० सायकलची, अमेरिकेतली ६०ची. सौदी अरेबियातही ६०ची. जुन्या साध्या थाळ्यांची मोटर या सायकलांच्या तालावर फिरते, व्होल्टच्या नव्हे. ६० सायकलसाठी कातलेली कप्पी ५० सायकलवर लावली की गती सहापैकी पाच हिश्शांवर येते. ४५ फेऱ्यांची तबकडी साडेसदतीस फेरे घेते आणि गाणे तीन स्वर खाली उतरते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल बदलत नाही. गती किंचित कमी-जास्त करायची कळ काही यंत्रांत असते, पण तिची धाव इतकी नसते. उपाय दोनच: ५० सायकलची कप्पी मिळवणे किंवा यंत्र परत करणे. मी परत केले. ज्या थाळीची मोटर डीसी आहे किंवा जिची गती इलेक्ट्रॉनिक पाटी सांभाळते तिला हा रोग नाही. तेव्हा परदेशी यंत्राच्या मागची पट्टी वाचावी: ५० लिहिले आहे, ६० की दोन्ही.

आईसारखा कान नसलेल्यांसाठी एक सोपी रीत आहे. तबकडीच्या कडेला कागदाचा चिटोरा चिकटवायचा, घड्याळ लावून तीन मिनिटे फेरे मोजायचे. एलपीच्या गतीला बरोबर १०० भरतात, कारण मिनिटाला ३३⅓. ईपीच्या गतीला १३५. एक-दीड फेऱ्याचा फरक चालतो. उभ्या रेघांची स्ट्रोब चकती हे काम क्षणात करते: ५० सायकलच्या दिव्याखाली १८० रेघांचे वर्तुळ स्थिर दिसले की एलपीची गती ठीक. मात्र घरातल्या बऱ्याच एलईडी दिव्यांत ती लुकलुक नसते, रेघा नुसत्या धूसर दिसतात आणि चांगले यंत्र वाईट ठरते. जुना पिवळा बल्ब शोधावा.

यंत्र बघायला जाताना पुढे मी एक पिशवी नेऊ लागलो: मोडीतली एक एलपी, कागदाचा चिटोरा, भिंग, तोळकाटा. तोळकाटा साडेतीनशे रुपयांचा, खिशात मावणारा, सोने मोजायचा. सराफ ओळीत दुकानदाराने विचारले, सोने किती आहे? म्हटले, सोने नाही, सुई आहे. त्याने शिवणाचीच समजली.

यंत्र विजेला लावण्याआधी थाळी हाताने फिरवून सोडावी. ती हळूहळू, निःशब्द थांबली पाहिजे. खरखर आली तर मधला कणा कोरडा किंवा झिजलेला. कोरडेपणावर तेलाचे दोन थेंब पुरतात, झिजेवर इलाज नाही. मग भुजा. पुढचे टोक दोन बोटांत हलके धरून किंचित हलवावे. सांध्यात टकटक जाणवली तर यंत्र सोडून द्यावे, कारण भुजेचा सांधा दुरुस्त करणारा मला तरी भेटला नाही. भुजा आपोआप उचलणाऱ्या यंत्रांत जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. अशा वेळी जोर लावला की प्लास्टिकचा दात तुटतो. झाकण तडकले आहे, लाकूड उडाले आहे, नाव पुसले आहे, हे सगळे दोष आपल्या फायद्याचे.

सुईकडे मात्र बघूच नये. विकणारा म्हणतो सुई नवी आहे. ती नवी नसते. नीलमण्याची सुई काही दहा तासांत झिजते, हिऱ्याची ५०० ते १००० तास चालते, आणि किती तास झाले याची नोंद कुठल्याच घरात नसते. झिजलेल्या हिऱ्याला कडा येतात, म्हणजे तो छिन्नी होतो. किंमत ठरवतानाच नव्या सुईचे पैसे वेगळे काढून ठेवावेत. महागडी थाळी आणि जुनी सुई यापेक्षा साधी थाळी आणि नवी सुई केव्हाही बरी. आवाज पहिल्यात थोडा अधिक चांगला असेलही. तबकडी दुसऱ्यात वाचते.

शेवटी यंत्र मिळाले वर्ध्यातच, एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांकडे. २३० व्होल्ट, ५० सायकल, पट्टा वितळून कप्पीला डांबरासारखा चिकटलेला. त्यांना ते कायमचे बंद वाटत होते. मी पट्ट्याचे खरे सांगितले, तरी त्यांनी साडेतीन हजारच घेतले. डांबर स्पिरिटच्या बोळ्याने निघाले. पट्टा २५०. अर्धा इंच अंतराच्या दोन स्क्रूंनी बसणारी साधी चुंबकी कार्ट्रिज, हिऱ्याच्या सुईसह, २,४००. चुंबकी कार्ट्रिजची वीज हजारांश व्होल्टची असते आणि खर्ज दाबून, तार फुगवून मुद्रित केलेला असतो. ते पूर्ववत करायला फोनो प्रीअँप लागतो, तो ९५०. स्पीकर मुलाच्या संगणकाचे. तोळकाट्यासह ७,४५०. हिंगणघाटचे अठराशे धरले तर अंदाजपत्रक कोसळले, ते मी घरात वेगळे सांगत नाही.

ती हिंगणघाटची पेटी फेकली मात्र नाही. रेल्वेवाल्यांच्या यंत्रात ७८ची गती नाही; नंतरच्या काळातल्या बहुतेक यंत्रांत नसते. लाखेच्या २२ तबकड्या घडल्याच जड सुईसाठी. काकांनी पेटीत नवी कार्ट्रिज बसवून दिली, ६०० रुपये घेतले आणि दांडी ७८वर ठेवून वरून थेंबभर डिंक लावला. आता ती उलटत नाही. लाखेच्या तबकड्या पुसायलाही मी स्पिरिट वापरत नाही. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. विनाइल ऊर्ध्वपातित पाण्याने, साबणाच्या एका थेंबाने धुतो आणि लाख नुसत्या ओलसर फडक्याने पुसतो. ट्रंक माळ्यावरून खाली, घरातल्या सगळ्यात थंड भिंतीला लावली आहे. तबकड्या उभ्याच. वडिलांनी लावल्या होत्या तशा.

वसंतरावांची ती ईपी नव्या सुईवर लावून पाहिली. जे गाणे मी त्या रात्री पूर्ण वाजू दिले त्यावर आता पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, ताना त्यात बुडतात. पण पूड दिसल्यावर मी थांबलो होतो, तबकडी उलटली नव्हती. दुसरी बाजू स्वच्छ आहे. आई तीच लावायला सांगते.